नेवाशाच्या काचेतला फोटो

शिवाजीनगरच्या स्टँडवर मला सोडायला कोणी आलं नव्हतं. येणार कोण? आमच्या ग्राहक संघटनेतले सगळे त्या दिवशी रॉकेलच्या मोर्चाला गेले होते. माझ्या कामाला तर त्यांच्या लेखी काम म्हणतच नाहीत. "नळाला पाणी नाही आणि ही निघाली इंटरनेटवरच्या जाहिरातीमागे," असं आमचे अध्यक्ष बैठकीत म्हणाले. सगळे हसले. शेवटी ठरलं ते एवढंच, की मी एकदा जाऊन यावं. काही हाती लागलं तर पत्रक काढू, नाहीतर मी मुकाट्याने भेसळीच्या तेलाकडे वळावं. पत्रकं लिहिणं हे माझं संघटनेतलं काम. वजनात मारणाऱ्यांवर आणि तारीख खोडून औषध विकणाऱ्यांवर लिहून लिहून माझी भाषा अशी झाली आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

झालं होतं असं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि पुण्यात सायबर कॅफे नुकते कुठे दिसू लागले होते. डेक्कनवरच्या एका कॅफेत मी परदेशातल्या मराठी मंडळींसाठी चालवलेलं एक पान उघडलं. वरच्या पट्टीत लग्न जुळवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती आणि तिच्यात एका मुलीचा फोटो. निळी साडी, पुढे घेतलेली वेणी, मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा. खालच्या इंग्रजी मजकुराचा सरळ अर्थ असा: साधी, घरकामाची, उलट न बोलणारी गावाकडची मुलगी हवी? अशा हजारो वाट पाहत आहेत. फोटोच्या कोपऱ्यात तिरप्या अक्षरांत स्टुडिओचा शिक्का होता. तो कापून टाकायचंही त्यांना सुचलं नव्हतं. स्क्रीनला नाक लावून मी तो वाचला. शेवटचा शब्द होता नेवासा.

उलट न बोलणारी, हे त्यांना फोटोवरून कळलं. माझं डोकं तिथेच फिरलं. पान छापून घेतलं आणि बॅगेत टाकलं.

बसमध्ये वाचायला माझ्याजवळ झेरॉक्सचा गठ्ठा होता. लॉ कॉलेजातल्या एका सरांनी परदेशी नियतकालिकांतले लेख दिले होते. सध्या संशोधन कुठे चाललंय ते बघ, म्हणाले होते. शिरूरपर्यंत मी बघितलं. वेबसाइटचं नाव कोणाच्या मालकीचं, यावर एक लेख. न मागता येणाऱ्या जाहिरातींवर एक. संगणकावर झालेला करार कुठल्या गावी झाला असं धरायचं, यावर एक भलामोठा. एकाच्या पानावर दुसऱ्याची जाहिरात झळकली तर जबाबदार कोण, यावरही होता. लिहिणारे सगळे हुशार आणि भांडणं सगळी मालकाची मालकाशी. जाहिरातीत ज्याचा चेहरा लावला त्या माणसाचं काय, हे मी शोधत होते. एका लेखात तळटीप सापडली. प्रश्न महत्त्वाचा आहे पण या लेखाच्या कक्षेबाहेरचा, अशा अर्थाची.

घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. माती पिवळसर होते, झाडं अंतर राखून उभी राहतात. सुप्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं आणि आम्ही सगळे रस्त्याकडेला उतरलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वाऱ्याने तिचा कोरडा आवाज होत होता. बायकांचा एक घोळका पदर पसरून बाभळीखाली बसला. मी कुठे बसावं ते मला कळेना, म्हणून उभीच राहिले. कंडक्टरने विचारलं, "कुठं, नगरला पाव्हण्यांकडं?"

"नाही. कामाला."

"एकट्याच?"

"एकटीच."

"आसं," म्हणाला, आणि चाकाकडे बघत राहिला. त्या 'आसं'मध्ये बरंच काही होतं, पण त्याच्याशी भांडत बसायला मला वेळ नव्हता.

नगरला कोर्टाजवळ सरांच्या ओळखीचे एक वयस्कर वकील होते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, छापलेलं पान हातात धरून लांब केलं, जवळ आणलं.

"जाहिरात लागली कुठे?" त्यांनी विचारलं.

"इंटरनेटवर."

"ते गाव कुठल्या तालुक्यात येतं?"

मी हसले नाही. ते मात्र हसले, आणि मग बोटांवर सांगू लागले. "तू बघितली पुण्यात. यंत्र अमेरिकेत. फोटो नेवाशात काढलेला. मुलगी कुठे ते तुला ठाऊक नाही. मी दावा लावू कुठे? पहिल्याच तारखेला समोरचा म्हणेल, इथे काही घडलंच नाही. आणि तो खोटं बोलतोय असं मला म्हणता येणार नाही."

"ग्राहक म्हणून तक्रार?"

"ग्राहक कोण इथं? पैसे भरणारा. तो तिकडे परदेशात आहे. तो गिऱ्हाईक. ही माल." त्यांनी पानावर बोट टेकवलं. "गिऱ्हाइकाची तक्रार घेतात, बाई. मालाची तक्रार कोण घेतं?"

मी कप खाली ठेवला. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण बाहेर आल्यावर तेच वाक्य मी पत्रकासाठी मनात लिहून ठेवलं. निघताना त्यांनी एक वाट दाखवली होती. दिल्लीत कायदा शिजतो आहे असं पेपरात येतं, त्याची वाट बघू नकोस. मुलगी शोध. तिने स्वतः सही करून म्हटलं पाहिजे की माझा फोटो मला विचारल्याशिवाय लावला, त्याने माझी बदनामी झाली, तो काढा. तिचं गाव नगर जिल्ह्यात असेल तर मी इथे उभा राहतो. सही नसेल तर काही नाही.

म्हणजे सगळं एका सहीवर आलं. मी अर्ज तिथेच टाइप करून घेतला आणि नेवाशाकडे निघाले.

एसटी चुकली, म्हणून काळीपिवळीत (भाड्याची जीप) बसले. चौघांच्या जागेत सात जण. घोडेगावपर्यंत दोन माणसं माझ्या डोक्यावरून कांद्याच्या भावावर बोलत होती. पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्या, रस्ताभर पडलेली पाचटं, हवेत मळीचा आंबूस वास. फाट्यावर उतरून दुसऱ्या जीपने गावात गेले. प्रवरेचं पात्र रुंद आणि पाणी थोडं. माउलींच्या खांबाच्या देवळात जाऊन जरा टेकले, कारण एकट्या बाईने कुठे बसलेलं लोकांना चालतं तर देवळात. दर्शनाला आलेलं एक कुटुंब शेजारी बसून दशम्या खात होतं. त्यांच्यातल्या म्हातारीने न विचारता माझ्या हातावर दशमी आणि लसणाची चटणी ठेवली. मला एकदम रडू आलं, आणि मी ते चटणीवर ढकललं.

स्टुडिओ बाजारपेठेत होता. बाहेर काचेचं कपाट, त्यात फोटो. मला शोधावं लागलं नाही. दुसऱ्या ओळीत निळी साडी आणि धबधबा. फोटोचा रंग जरा उतरला होता. तिच्या डावीकडे गुलाबी साडीतली एक, खाली आणखी कितीतरी. काचेतून सगळ्याजणी बाजाराकडे बघत होत्या.

मालक साठीचे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. मी छापलेलं पान पुढे केलं आणि सुनवायची तयारी केली. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आपलाच की. शिक्का बी आलाय. अमेरिकेत दिसतंय का हे?"

"दिसतंय. तिला विचारलं होतं का?"

"कुनाला?"

"हिला. जिचा फोटो आहे."

तात्यांना प्रश्न कळला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर बघितलं. त्यांनी मला बाहेर काचेपाशी नेलं आणि समजावून सांगितलं. स्थळांसाठी फोटो काढला की एक प्रत काचेत लागते. हे त्यांच्या वडलांपासून चालत आलंय. बाजाराला आलेले लोक बघतात, विचारतात, कितीतरी लग्नं या काचेवरून जमली. मुलीचं ठरलं की तिच्या घरचं माणूस पेढे घेऊन येतं, तात्या कुलूप काढतात, फोटो उतरवून हातात देतात. ठरलेल्या मुलीचा फोटो काचेत एक दिवस ठेवायचा नाही. ठरलं नाही तोवर काढायचाही नाही.

"मंग ह्यात विचारायचं काय? भाचा पुन्याला काम्पुटरच्या कंपनीत हाय. म्हनला, मामा, काचेतले फोटो दे, आमी मोठ्या काचेत लावतो. चार दिसांत परत आनून दिले. एक बी खराब केला न्हाई."

"म्हणजे पेढे आले नाहीत त्याच मुली तिकडे गेल्या."

"व्हय. बाकीच्यांचं काय काम?"

त्यांनी स्वतःहूनच मुलीचं नाव सांगितलं, सुमन, आणि ती नगरला नागापूरच्या एमआयडीसीत कामाला असते हेही. पत्ता गावातल्या तिच्या भावाकडून मिळाला. भावाने मी कोण, कशाला आले, काही विचारलं नाही. "बरी हाय का ती?" एवढंच मला विचारलं. मला, जिने तिला कधी पाहिलं नव्हतं.

नगरला परतले तेव्हा दिवे लागले होते. स्टँडजवळच्या दोन लॉजनी मला खोली नाकारली. "एकट्या लेडीजला देत न्हाई, मॅडम, मालकाचा नियम." नियम लिहिलेला दाखवा म्हटलं तर दुसऱ्याने रेडिओ मोठा केला. यावर पत्रक निघेल तेव्हा निघेल. मी सिटी बस धरली आणि नागापूरला गेले.

कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची चाळ होती. दार उघडलं ते तिनेच. फोटोतली मुलगी विशीची होती. दारातली बाई तिशी ओलांडलेली, बुटकी, हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या. मोटारीच्या कॉइल गुंडाळायच्या कारखान्यात ती कामाला होती, आणि तार बोटं कापते. आत एक कॉट, स्टोव्ह, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी सगळं दारातच सांगून टाकलं. असं पोटात ठेवून मला बसता येत नाही.

"आत तर या," ती म्हणाली. "जेवलाव का?"

स्टोव्हवर शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या, लसणाच्या रश्श्यात शिजवलेल्या वळकट्या) होती. तिने ताटात वाढली, वर कच्चं तेल सोडलं. मी जेवत होते आणि ती छापलेलं पान दोन्ही हातांत धरून बघत होती. फोटो काळापांढरा छापला होता. "साडी निळी हाय," ती म्हणाली. "मैत्रिणीची हुती. आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा हुता नगरला, त्याच्यासाठी काढला."

मी खालचं वाचून दाखवलं. उलट न बोलणारी, हेही.

ती हसली. "भावजयीला दाखवा हे. लई हसंल ती."

"सुमनताई, हे हसण्यावारी नेऊ नका. तुम्हाला न विचारता तुमचा चेहरा विकायला लावलाय."

"मंग? कुनी विचारलं का?"

"तेच तर. कोणी विचारलं नाही."

"तसं न्हाई. फोटो बघून. कुनी माझी चौकशी केली का?"

पुण्याहून निघताना मी पुष्कळ उत्तरं पाठ केली होती, हा प्रश्न त्यांच्यात नव्हता.

मग ती बोलली. तक्रार म्हणून नाही, बोलावं म्हणून. वडील गेले, दोन भाऊ धाकटे, त्यांचं होईस्तोवर हिचं राहिलं. बघायला लोक यायचे. "पोहे खायचे, म्हनायचे, घरी जाऊन कळवतो. अजून कळवतायत." भावांची लग्नं झाली आणि घरात जागा उरली नाही. जागा म्हणजे झोपायची नव्हे, असं तिने सांगितलं आणि स्टोव्ह विझवला.

मी अर्ज काढला. वाचला. माझी बदनामी झाली आहे, तरी माझा फोटो काढून टाकावा.

"बदनामी कसली?" ती म्हणाली. "साडी नेसून बसलेय. काय केलंय मी?"

"तसं लिहावं लागतं."

"आन काढा म्हनून कशाला लिवायचं? खाली पत्ता घाला की माझा. ही बाई नगरला हाय, तिला विचारा."

"तसं कुठलं कोर्ट सांगणार नाही त्यांना."

"मंग तुमच्या कागदात माझ्यासाठी काय हाय?"

मला वकिलांचा राग आला, संशोधकांचा आला, अध्यक्षांचा आला. तिचा आला नाही. यायला हवा होता, कारण सही तीच देत नव्हती. आम्ही दोघी खाली अंथरूण घालून आडव्या झालो. बाहेर दुसऱ्या पाळीच्या सायकली परतत होत्या. तिने अंधारात विचारलं, "तुमचा फोटो कुठल्या काचेत हाय, ताई?"

"मी काढलाच नाही."

"का?"

"बघायला कोणी येणार असेल तर काढतात."

"हां," ती म्हणाली. मग कुशीवर वळून, "आसं म्हनू नी."

सकाळी तिला सुट्टी होती. सही देते म्हणाली नाही, नाही देत असंही म्हणाली नाही. "तात्याला इचारून येऊ," एवढंच. तात्याच्या भाच्याला माहीत असणार, कोणी चौकशी केली की नाही ते. तिने ठेवणीतली साडी नेसली. एसटीत खिडकीची जागा तिला मिळाली, तिने ती मला दिली आणि मी परत तिला. पांढरीपूल मागे पडला, वडाळा गेलं. ती मधूनच साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. बघायला येणारे येणार असले की बायका करतात तशा. मला ते बघवेना. मी झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि एक ओळही न वाचता पानं उलटत राहिले.

तात्यांनी तिला लगेच ओळखलं. "ये, ये, सुमे. अमेरिकेत गेलीस की."

"तात्या, भाच्याला फोन लावा. माझ्या फोटोवर कुनी इचारलं का तेवढं सांगा म्हनावं."

तात्यांनी पुण्याचा नंबर फिरवला. आम्ही दोघी फोटो काढायच्या स्टुलांवर बसलो होतो. मागे तोच धबधबा. तात्या फोनवर मोठ्याने हं हं करत होते आणि ऐकलं ते आम्हाला सांगत होते, खुशीत.

"लई लोकं इचारत्यात म्हनतो. पैली चौकशी तुझीच. फोन येत्यात, ते काम्पुटरवरचं पत्र येतं."

सुमनताईंचा हात माझ्या मनगटावर आला.

"मंग काय सांगतो त्यान्ला?" तिने विचारलं.

तात्यांनी फोनमध्ये विचारलं, ऐकलं, आणि तसंच्या तसं सांगितलं. "हिचं ठरलं, आसं सांगत्यात. आन मंग त्यांच्याकडच्या दुसऱ्या दाखवत्यात, पैसे भरलेल्या. समद्यांत हिचा चेहरा साधा दिसतो, म्हनून वर लावलाय म्हनतो."

मनगटावरचा हात तसाच राहिला, फक्त जड झाला. बाहेर बाजारात कोणी तरी मेथीच्या जुड्या पाण्यात बुडवून झटकत होतं, त्याचा आवाज येत होता.

"किती जनान्ला सांगितलं, ठरलं म्हनून?"

"लई जनान्ला, म्हनतो."

"इतक्यांदा ठरलंय माझं," ती म्हणाली, "आन पेढा एकदा बी खाल्ला न्हाई."

ती उठली आणि बाहेर पडली. मला वाटलं ती निघाली. मी मागे धावले. ती समोरच्या मिठाईवाल्यापाशी उभी होती, पेढे तोलून घेत होती. मला कळलं ती काय करणार आहे, आणि कळलं तसं माझं सगळं पत्रक डोळ्यांपुढून गेलं.

"सुमनताई, थांबा. आता हा प्रकार उघड झालाय. शुद्ध फसवणूक आहे. तुम्ही सही द्या, आपण त्यांना सोडायचं नाही. पण फोटो काढला तर पुरावा जातो."

"पुरावा?" तिने पुडा बांधून घेतला. "मी हाय की समोर."

यावर काय बोलायचं ते कुठल्याच लेखात नव्हतं. मी बाजूला झाले.

तिने पुडा तात्यांच्या टेबलावर ठेवला आणि दोरा सोडला. "घ्या, तात्या. ठरलं."

तात्या उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. "आगं, आत्ताच तर... कुठलं स्थळ?"

"लांबचं हाय."

"परदेशात?"

"तिकडनंच चौकशी आली म्हनलं ना तुमी."

तात्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना काय समजलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी हात धुतले, एक पेढा देवापुढे ठेवला, एक खाल्ला, आणि किल्ली घेतली. काच सरकवताना ती अडली, बऱ्याच दिवसांत उघडली नसावी. निळ्या साडीचा फोटो निघाला तिथे मागच्या कापडावर गडद चौकोन राहिला. मग त्यांनी आपणहून पुण्याला पुन्हा फोन लावला. आवाज आता वेगळा होता, मामाचा. "नेवाशाची सुमन. तिचं ठरलं. पेढे आलेत हितं. आजच्या आज उतरव. ठरलेल्या पोरीचा फोटो आपल्या काचेत ऱ्हात न्हाई, ठावं हाय ना?" पलीकडून काहीतरी कुरकुर झाली असावी. "ते कंपनीला सांग. मला सांगू नको."

परतताना ती एसटीत फोटो मांडीवर उपडा ठेवून बसली होती. एकदाच सरळ करून बघितला. "बरी दिसत हुते," म्हणाली. मी म्हटलं, आहातच. तिने मला कोपराने ढोसलं.

नगरच्या स्टँडवर माझी पुण्याची गाडी उभी होती. तिने उरलेला पुडा माझ्या हातात दिला. "पुन्यात वाटा."

"काय सांगून?"

"सांगा, सुमनचं ठरलं." गाडी हलली तेव्हा तिने हात केला नाही, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि सिटी बसच्या दिशेने चालू लागली. गर्दीत ती पुष्कळ वेळ दिसली, कारण तिच्या बरोबर कोणी नव्हतं.

संघटनेच्या ऑफिसात मी पेढे टेबलावर ठेवले. अध्यक्षांनी विचारलं, "कसले गं?" केस बुडाल्याचे, मी म्हटलं. त्यांनी दोन घेतले.

मला या सगळ्याचा आनंद झाला नाही, तो झाला असं लिहून मी वाचकांना फसवणार नाही. वकिलाला जमलं नाही, माझ्या अर्जाला जमलं नाही, ते एका म्हाताऱ्या फोटोवाल्याच्या रिवाजाने केलं, आणि तेही एका बाईने स्वतःबद्दल खोटं बोलल्यावर. हा काही न्याय नव्हे. एखाद्या माणसाने म्हणावं, तो चेहरा माझा आहे, उतरवा, आणि समोरच्याने उतरवावा. ठरलं आहे की नाही हे कोणी विचारू नये. कायदा करणाऱ्यांनी एवढं एक वाक्य लिहावं, बाकी त्यांचे करार आणि नावं त्यांनी खुशाल वाटून घ्यावीत.

पत्रक मी लिहिलं. छापायच्या आधी खात्री म्हणून त्या कॅफेत जाऊन पुन्हा ते पान उघडलं. मोडेम किरकिरला, पट्टी वरून खाली हळूहळू भरत आली. धबधबा आला, मग साडी. निळी नव्हती. गुलाबी होती. कोपऱ्यात तोच तिरपा शिक्का, खाली तोच मजकूर, अशा हजारो वाट पाहत आहेत.

ती डावीकडची मुलगी होती. त्या काचेपुढे मी दोन्ही दिवस उभी राहिले, आणि तिचं नाव विचारलं नव्हतं.

तिथूनच एसटीडी बूथवर गेले आणि नेवाशाला फोन लावला. तात्यांना सांगितलं, गुलाबी साडीवालीचं ठरलं. "ताई, फोनवर काच उघडत न्हाई," म्हणाले. "पेढे लागत्यात. आन घरचं मानूस."

मग मी नागापूरच्या कारखान्यात फोन केला. मुकादमाने कुरकुरत बोलावणं धाडलं. मागे यंत्रांचा आवाज होता, तो ओलांडून सुमनताईंचा हॅलो आला. मी सगळं सांगितलं.

"सुट्टीला जाऊ," ती म्हणाली. "मी फाट्यावर थांबते, तुमी पुन्याहून या. घरचं मानूस म्हनून मी सांगीन." मग यंत्रांवर आवाज चढवून तिने विचारलं, "त्या काचेत अजून किती जनी हायेत, ताई?"

"मी बघितलं नाही," मी म्हटलं.

"मंग पेढे जास्त घ्या."